भाताचा हिशेब हेक्टरी उत्पादनावर थांबू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हवामान बदल आणि भात हा विषय वर्तमानपत्रांत आला की बातमी एका आकड्यापाशी येऊन थांबते : हेक्टरी उत्पादन इतके टक्के घटले, किंवा घटणार. आकडा खोटा नसतो. पण शेतकऱ्याच्या हाती काय उरले हे त्यातून कळत नाही, आणि पुढच्या वर्षी भात लावायचा की नाही हे ठरते ते उरलेल्या पैशांवरच. म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आधी साधा हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. विक्रीतून १०० आले आणि खर्च ८० झाला, तर २० उरले. आता हे ८० कधी खर्च होतात ते बघा. नांगरणी, चिखलणी, बियाणे, रोपवाटिका, लावणीची मजुरी, खताचे पहिले दोन हप्ते, तण काढणे. भात पोटरीत येतो, म्हणजे लोंबी पानाच्या आवरणात फुगू लागते, तोवर यातले जवळजवळ सगळे पैसे मातीत गेलेले असतात. उरतात ती कापणी, मळणी आणि वाहतूक, आणि त्यातही कापणीचा दर बहुधा क्षेत्रावर असतो, वजनावर नाही. लोंब्या भरलेल्या असोत की पोकळ, यंत्र तेवढेच फिरते. म्हणजे पोटरीनंतर पीक १० टक्क्यांनी घटले तर खर्च जवळपास तितकाच राहतो आणि विक्री ९० वर येते. उत्पादनातली घट १० टक्के, नफ्यातली ५० टक्के. बातमीत पहिला आकडा छापून येतो, दुसरा येत नाही.

आणि उष्णतेचा घाव नेमका पोटरीनंतरच बसतो.

भाताचे फूल सकाळी उघडते. साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान तुसाच्या दोन बाजू विलग होतात, परागकोश बाहेर येऊन फुटतात, पराग कुक्षीवर पडतात आणि तासा-दीड तासात तूस पुन्हा मिटते. तेवढ्या वेळात लोंबीचे तापमान ३५ अंशांपलीकडे गेले तर परागकोश नीट फुटत नाहीत, किंवा पडलेले पराग रुजत नाहीत. दाणा धरतच नाही. तूस मिटते, शेत हिरवेगार दिसते, आणि पंधरा दिवसांनी लोंबी चिमटीत दाबून पाहिल्यावर कळते की आत काहीच नाही, पळींज आहे. एक लोंबी साधारण आठवडाभर फुलत राहते, सगळे शेत दहा-पंधरा दिवस. तेवढ्यात तीन-चार सकाळी कडक गेल्या की नुकसान पक्के.

यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. मोजायचे ते लोंबीचे तापमान, हवेचे नव्हे. हवा कोरडी असेल आणि मुळाशी पाणी असेल तर झाडातून बाष्प उडत राहते आणि लोंबी हवेपेक्षा कितीतरी अंश थंड राहते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातल्या कोरड्या हवेत पारा चाळिशीच्या आसपास असतानाही दाणा धरलेला दिसतो, तो यामुळे. दमट हवेत ही सोय उरत नाही. तिथे ३५ अंशसुद्धा जड जातात. म्हणून फुलोऱ्याच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस शेतात पाच सेंटिमीटर पाणी उभे ठेवा असे सांगितले जाते. त्या पाण्यामुळे मुळांना ओढ पडत नाही आणि लोंबीभोवतीची हवा थोडी निवते. पाणी वाहते ठेवता आले तर अधिक चांगले.

पळींज वाढली म्हणजे नेमके किती गेले? एक चौरस मीटर घ्या. २० बाय १५ सेंटिमीटरवर लावणी असेल तर त्यात ३३ चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचे झुपके, बसतात. चुडाला नऊ लोंब्या धरल्या तर सुमारे ३०० लोंब्या. लोंबीला १०० दाणे, त्यातले ८० भरलेले, आणि हजार दाण्यांचे वजन २५ ग्रॅम. गुणाकार ६०० ग्रॅम येतो, म्हणजे हेक्टरी सहा टन. आता बाकी सगळे तेच ठेवा आणि भरलेले दाणे ८० ऐवजी ७२ करा. लोंबीमागे आठ दाणे गेले. शेतात उभे राहून हे कुणाच्याही नजरेला येणार नाही. पण ६०० चे ५४० झाले आणि वरच्या हिशेबातला अर्धा नफा गेला.

फुलोरा कडक दिवसांत सापडू नये म्हणून पेरणीची तारीख उलटी मोजावी लागते. लोंबीचा गर्भ धरल्यापासून फुलोऱ्यापर्यंत सुमारे ३० दिवस आणि फुलोऱ्यापासून दाणा पिकेपर्यंत आणखी सुमारे ३० दिवस, हे दोन्ही टप्पे उष्ण प्रदेशात बहुतेक वाणांना सारखेच लागतात. हळवे (लवकर येणारे) आणि गरवे (उशिरा येणारे) यांत फरक पडतो तो त्याआधीच्या वाढीत. त्यामुळे १२० दिवसांचे वाण पेरणीपासून ९० व्या दिवसाच्या आसपास फुलेल आणि १४० दिवसांचे ११० व्या. कडक उन्हाचा पंधरवडा कुठला ते माहीत असेल तर हा आकडा वजा करून पेरणी ठरवता येते. दिवसाच्या लांबीवर फुलणारे जुने गरवे वाण मात्र या मोजणीत बसत नाहीत. ते कधीही पेरा, आपल्या ठरल्या वेळीच निसवतात. आणि फुलोरा फार पुढे ढकलला तर उलट संकट येते : पोटरीत रात्री २० अंशांच्या खाली गेल्या तरी पराग नीट तयार होत नाहीत आणि पुन्हा पळींजच पदरात पडते.

क्षेत्र दोन तुकड्यांत वाटून पंधरा दिवसांच्या अंतराने लावा, सगळा फुलोरा एकदम सापडणार नाही, हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण मग कापणीचे यंत्र दोनदा बोलवावे लागते, पाण्याची पाळी दोनदा जुळवावी लागते, आणि उशिराच्या तुकड्यावर शेजारच्या कापलेल्या शेतांतून उंदीर आणि पाखरे तुटून पडतात. लहान क्षेत्रात या सल्ल्याचा खर्च त्याच्या फायद्याइतकाच होतो. सल्ले देणाऱ्यांनी ही वजाबाकीही करून दाखवावी.

रात्रींविषयी तर फारच कमी लिहिले जाते. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिच्या स्वतःच्या शेतावरच्या नोंदींवरून २००४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १९७९ ते २००३ या काळात तिथले दिवसाचे कमाल तापमान ०.३५ अंशाने वाढले होते आणि रात्रीचे किमान तापमान १.१३ अंशांनी, म्हणजे तिपटीहून जास्त. कोरड्या हंगामात किमान तापमानाच्या एका अंशामागे उत्पादन १० टक्क्यांनी घटलेले आढळले. एका संस्थेच्या शेतावरून जगाचा निष्कर्ष कसा काढायचा, हा आक्षेप रास्तच होता. २०१० मध्ये आशियातल्या सहा देशांतल्या २२७ बागायती भातशेतांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हाही दिशा तीच निघाली : रात्र तापली की उत्पादन उतरते. दिवसाचे तापमान वाढल्यावर मात्र काही मर्यादेपर्यंत फायदाच दिसला.

याचे एक कारण झाडाच्या श्वसनात आहे. दिवसभर पानांनी जे अन्न तयार केले त्यातला काही भाग झाड रात्री स्वतःच्या श्वसनात जाळते. रात्र उबदार असेल तर जास्त जाळते आणि दाण्याकडे कमी पाठवते. शिवाय उष्णतेत दाणा भरण्याचा काळच आखडतो. तीस दिवस सावकाश भरणारा दाणा पंचवीस दिवसांत उरकतो आणि स्टार्चचे कण एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत. त्यांच्यामध्ये हवा राहते. त्यामुळे दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग दिसतो, त्याला पोटपांढरा म्हणतात. दाणा भरण्याच्या काळातले सरासरी तापमान २६-२७ अंशांपलीकडे गेले की हे प्रमाण वाढू लागते. असा दाणा वजनाला फारसा कमी भरत नाही. पण गिरणीत कडकन तुटतो.

इथून पुढचा तोटा हेक्टरी उत्पादनाच्या आकड्यात दिसतच नाही. याचे अगदी ताजे उदाहरण जपानचे आहे. २०२३ चा उन्हाळा तिथे विक्रमी कडक गेला. तरी त्या वर्षीचा देशपातळीवरचा भातपीक निर्देशांक १०१ निघाला, म्हणजे सरासरीपेक्षा किंचित जास्तच. कागदावर सगळे आलबेल. प्रत्यक्षात निइगाता या नावाजलेल्या भातप्रांतात कोशिहिकारी वाणाच्या तांदळापैकी पहिल्या प्रतीत बसणारा माल पाच टक्क्यांच्याही खाली गेला. बाकीचा पोटपांढरेपणामुळे खालच्या प्रतीत ढकलला गेला. त्याच प्रांतात शिन्नोसुके हे उष्णता सोसणारे वाण होते. त्याचा ९० टक्क्यांहून जास्त माल पहिल्या प्रतीत बसला. ऊन तेच, शेतकरीही बहुधा तेच, फरक बियाण्याचा. पुढच्या वर्षी, २०२४ च्या उन्हाळ्यात, जपानी दुकानांत तांदळाच्या फळ्या रिकाम्या पडल्या. त्याला इतर कारणेही होती, पण भरडल्यावर हाती येणारा तांदूळ नेहमीपेक्षा कमी निघाला हे त्यातले एक. २०२५ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने हा निर्देशांक प्रसिद्ध करणेच बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. हेक्टरी वजनावर विसंबणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट अभ्यासावे.

गिरणीतला उतारा म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. वाळलेल्या १०० किलो साळीतून साधारण २० किलो तूस आणि १० किलो कोंडा निघतो. उरलेला ७० किलो तांदूळ. चांगल्या मालात त्यातला ५५ किलो अख्खा आणि १५ किलो कणी. कणीला अख्ख्याच्या निम्मा भाव धरला तर किंमत होते ५५ अधिक साडेसात, म्हणजे साडेबासष्ट. आता दाणे पोटपांढरे आणि तडकलेले असतील आणि ४० अख्खा, ३० कणी असा उतारा पडला, तर किंमत ४० अधिक १५, म्हणजे ५५. वजन एक किलोनेही घटले नाही, किंमत मात्र १२ टक्क्यांनी घटली. खरेदीदार वेडा नसतो. तो मूठभर साळ हातावर चोळून पाहतो आणि भाव तिथेच पाडतो.

दोन्ही घाव एकत्र करा. पळींजीमुळे १०० चे ९० झाले. त्या ९० वर प्रतीचा १२ टक्के फटका बसला की ७९ आणि काही पैसे उरतात. खर्च ८० होता. नफा संपला, आणि बातमीतला आकडा अजून ‘उत्पादनात १० टक्के घट’ असाच आहे.

तडकण्याचे दुसरे कारण कापणीच्या वेळेत आहे आणि ते बऱ्याच अंशी हातातले आहे. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले आणि ओलावा २० ते २२ टक्क्यांवर आला की कापणी करावी. पीक त्यापुढे उभे राहिले तर दाणा शेतातच १५-१६ टक्क्यांपर्यंत सुकतो. मग रात्री दव पडले किंवा अवकाळी सर आली की कोरडा दाणा बाहेरून पाणी शोषतो, वरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो आणि मध्ये आडवी चीर जाते. डोळ्यांना ती दिसत नाही. सोललेला दाणा दिव्यासमोर धरला तर दिसते. हवामानाचा लहरीपणा वाढला की अशी भिज-सूक एकाच पिकावर तीन-तीनदा होते.

मग लवकर कापावे तर ओल्या मालाचा प्रश्न. २२ टक्के ओलाव्याच्या १०० किलो साळीत ७८ किलो कोरडा भाग असतो. ती १४ टक्क्यांवर आणली की ९०.७ किलो भरते. वजनातली ही नऊ किलोंची घट दिसते म्हणून अनेक जण ओली साळच विकायला नेतात आणि खरेदीदार नऊच्या जागी पंधरा किलोंची काट लावतो. ओला ढीग चोवीस तास तसाच राहिला तर आत तापतो, दाणा पिवळा पडतो, आणि ज्या वाणांत सुप्तावस्था नाही त्यांना मोडही फुटतात. उन्हात वाळवायची असेल तर थर दोन ते चार सेंटिमीटरचा असावा, दर अर्ध्या तासाने हलवावा, आणि भर दुपारच्या उन्हात झाकावा. घाईने कडक उन्हात वाळवलेली साळही तडकते. यंत्राने वाळवताना बियाण्यासाठी हवा ४३ अंशांपेक्षा गरम नको. कापणीच्या वेळी पाऊस पडू लागला की वाळवणी यंत्र ही चैन राहत नाही, खर्चातली एक कायमची ओळ होते. ही ओळ उत्पादन खर्चाच्या किती हिशेबांत धरली जाते?

पावसाच्या लहरीचा खर्च तर हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होतो. रोप २० ते २५ दिवसांचे असताना लावले तर फुटवे जोमाने येतात. पाऊस लांबला, चिखलणी रखडली, की रोप वाफ्यातच म्हातारे होते. चाळीस दिवसांचे रोप लावले तर त्याचे फुटव्याचे निम्मे दिवस वाफ्यातच संपलेले असतात. उपाय आहे : चुडाला दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे आणि अंतर २० बाय १५ ऐवजी १५ बाय १५, म्हणजे चौरस मीटरला ३३ ऐवजी ४४ चूड. पण म्हणजे रोपे दुपटीहून जास्त लागली आणि लावणीची मजुरीही वाढली. पेरणीच्या वेळी हे कुणाला ठाऊक होते? राखीव वाफा टाकून ठेवणे हा त्यावरचा विमा आहे, आणि चांगला पाऊस झाला तर तो खर्च वाया जातो. हवामान बदलाची खरी किंमत अशा वाया जाऊ शकणाऱ्या खर्चांत दडलेली असते.

अतिवृष्टीत पीक पाण्याखाली गेले तर बहुतेक वाणे आठवडाभरात मान टाकतात. रोप पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी उंच वाढत सुटते आणि त्यातच साठवलेली शर्करा संपवते. ओडिशातल्या एका जुन्या वाणातून निवडलेल्या एफआर १३ ए मध्ये सब १ ए हे जनुक सापडले. त्याविषयीचे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे जनुक रोपाला वाढ थांबवून गप्प बसायला लावते. २००९ मध्ये भारतात प्रसारित झालेले स्वर्णा-सब १ दोन आठवडे पाण्याखाली तग धरते ते त्यामुळे. पण त्याची मर्यादा सांगितली जात नाही. महिनाभर गुडघाभर पाणी साचून राहिले, किंवा फुलोऱ्यात पूर आला, तर या जनुकाचा उपयोग नाही. आणि पूर ओसरल्याबरोबर युरिया फेकण्याची घाई करू नये. पानांवरचा गाळ धुऊन निघू द्यावा, नवे पान दिसेपर्यंत पाच-सात दिवस थांबावे, मग थोडे नत्र पालाशसोबत द्यावे. जगलेल्या चुडांतले फुटवे काढून मोकळ्या जागा भरता येतात. नव्याने रोपे विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

युरियाचे तर एरवीही निम्म्याहून अधिक नुकसान होते. उभ्या पाण्यात फेकला की बराचसा अमोनिया होऊन उडतो, आणि दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस झाला तर बांधावरून वाहून जातो. युरिया दाबून केलेली ब्रिकेटची गोळी चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचली तर नत्र मुळांपाशी राहते आणि युरिया सुमारे एक तृतीयांश कमी लागतो. फक्त ती हाताने खोचायला मजूर लागतात, आणि लावणीनंतर पाणी-चिखल योग्य असतानाच हे काम करावे लागते.

किनारपट्टीवर खाऱ्या पाण्याचे संकट वेगळे आहे. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचे माप, ३ डेसीसीमेन्स प्रति मीटरपर्यंत भात सोसतो. त्यापुढे एकेका एककाला सुमारे १२ टक्के उत्पादन जाते. ५ वर गेली की चौथा हिस्सा गेला, आणि चौथ्या हिश्श्याइतका नफा भातात क्वचितच असतो. व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशात २०१६ आणि २०२० मध्ये समुद्राचे पाणी नद्यांमधून खूप आत शिरले, तेव्हा कोरड्या हंगामाचे पीक याच कारणाने मोठ्या क्षेत्रावर गेले.

किडी-रोगांबद्दल थोडक्यात. ढगाळ, दमट हवेत करपा आणि उबदार हंगामात तुडतुड्यांच्या पिढ्या वाढणे हे खरे आहे, पण जास्त युरिया आणि वेळी-अवेळी फवारणीमुळे तुडतुडे अधिक उसळतात हेही तितकेच खरे. सगळे हवामानावर ढकलू नये.

आता पाणी वाचवण्याच्या पद्धतीविषयी, कारण सध्या तिचा बराच गाजावाजा आहे. भाताच्या खाचरातून मिथेन निघतो, आणि शेत मधूनमधून कोरडे पडू दिले तर तो बराच कमी होतो. ३० सेंटिमीटर लांबीचा आणि १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचा पाइप घ्यायचा, खालच्या अर्ध्या भागाला सगळीकडून भोके पाडायची, तो अर्धा शेतात गाडायचा आणि आतली माती काढून टाकायची. पाइपातले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाच सेंटिमीटर पाणी भरायचे. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करायची आणि फुलोऱ्याच्या पंधरवड्यात हे बंद ठेवायचे. १५ ते ३० टक्के पाणी वाचते आणि नीट केले तर उत्पादन घटत नाही. शेत सपाट नसेल तर मात्र उंचवट्यावर तण माजते आणि खोलगट भागात पाणी तसेच राहते. त्यामुळे आधी सपाटीकरणाचा खर्च. आणि पाणीपट्टी हंगामाला एकरकमी असेल तर वाचलेल्या पाण्याचा शेतकऱ्याला काडीचाही लाभ नाही. पंपाचे इंधन स्वतःच्या खिशातून जाते तिथे ही पद्धत टिकते, पाटाच्या पाण्यावर प्रकल्पाची मुदत संपली की पाइप उपटले जातात. दोष शेतकऱ्याचा नाही.

‘पीक कमी आले की भाव चढतो, भरपाई होते’ असेही कुणीतरी म्हणतेच. भाव चढतो तो बाजारात. ज्याचे पीक गेले त्याच्याकडे विकायला मालच नसतो. शिवाय सरकारे लगेच हस्तक्षेप करतात. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली केली. जागतिक बाजारात भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकाला गेला असताना इथला शेतकरी त्या भावापासून दूर राहिला. ग्राहकाच्या बाजूने निर्णय समजण्यासारखा आहे, पण हवामानाची झळ आणि भावाचा लाभ एकाच माणसाला मिळतात हे गृहीतक त्यानंतर तरी सोडून द्यावे.

पीकविम्याचेही तेच. नुकसान बहुधा ठरते ते प्रायोगिक कापणीच्या, म्हणजे नमुन्यादाखल कापलेल्या छोट्या तुकड्यातल्या पिकाच्या, वजनावर किंवा जवळच्या हवामान केंद्रातल्या नोंदींवर. पोटपांढरा दाणा, तडकलेला दाणा यांना त्या मोजणीत जागा नाही. कार्बन डायऑक्साइड वाढल्याने भात थोडा जास्त वजन देईल हे प्रयोगांत दिसले आहे. त्याच प्रयोगांत प्रथिने, लोह आणि जस्त घटलेलेही दिसले आहे. वजनाच्या मापाला तेही कळणार नाही.

मागणी मोठी नाही. वर्तमानपत्रांनी रोजच्या हवामानाच्या चौकटीत पावसाबरोबर रात्रीचे किमान तापमान आणि त्याची सरासरीशी तुलना द्यावी, निदान भात निसवण्याच्या महिन्यात. आणि प्रायोगिक कापणी करणाऱ्यांनी वजन करून नमुन्याची पिशवी रिकामी करू नये. त्यातली किलोभर साळ १४ टक्क्यांवर वाळवावी, प्रयोगशाळेतल्या छोट्या गिरणीत भरडावी, अख्खे दाणे आणि कणी वेगळी करून तोलावी आणि तो आकडा हेक्टरी उत्पादनाच्या शेजारच्या रकान्यात लिहावा. साळ एकदा वाळली की या कामाला अर्धा तास लागतो.

आपला,
एक वाचक